पहिली पंधरा मिनिटे

१

रक्त चढवण्याच्या दालनात सहा खाटा होत्या, आणि त्या सहा खाटांचा कारभार थोरल्या सिस्टर एकोणीस वर्षे पाहत होत्या. येणारे रोगी बहुतेक कायमचे. कोणाचे शरीर स्वतःचे रक्त पुरेसे बनवीत नसे, कोणाचे बनवलेले टिकत नसे. दर तीन आठवड्यांनी त्यांनी सकाळी यायचे, कोणा अनोळखी माणसाने दिलेले रक्त अंगात घ्यायचे आणि दुपारी घरी जायचे.

कामाचे नियम थोडे होते, पण कडक. रक्तपेढीतून आलेली बॅग टांगण्याआधी ती दोन सिस्टरांनी तपासायची. एकीने वाचायचे आणि दुसरीने मान डोलवायची, असे नव्हे. बॅगेवर चिकटवलेला नंबर, रक्तगट, रोग्याच्या मनगटावरची पट्टी आणि फॉर्म हे सारे दोघींनी आपापल्या डोळ्यांनी पाहायचे, आणि जुळले तरच सह्या करायच्या. रक्त सुरू झाले की पहिली पंधरा मिनिटे एका सिस्टरने खाटेशी स्टुलावर बसायचे. परके रक्त अंगाला मानवले नाही, तर ते बहुधा याच पंधरा मिनिटांत कळते. थंडी वाजते, कंबर भरून येते. कधी यातले काहीच होत नाही, रोगी फक्त म्हणतो, "सिस्टर, मला कसंतरी होतंय." या शब्दांना नव्या मुली हसतात. जुन्या हसत नाहीत.

थोरल्या सिस्टर पहिली काही वर्षे बसल्या. मग खाटा भरू लागल्या, कागद वाढले, आणि त्या टेबलावरून नजर ठेवू लागल्या. नजर ठेवणे निराळे आणि बसणे निराळे, हे त्यांना ठाऊक होते. सकाळी औषधांच्या कपाटापाशी उभ्या राहून त्या देवाजवळ हाताला यश मागत आणि कामाला लागत. यश मिळतही होते, म्हणून त्यांनी स्वतःला अधिक काही विचारले नाही.

चौथ्या खाटेवरच्या मुलीला सगळे वकीलबाई म्हणत. वय दहा, आणि उलटतपासणीची भारी हौस. ती अकरा महिन्यांची असल्यापासून थोरल्या सिस्टरांच्या हाताखाली वाढली होती. "सिस्टर, तूच टोच, दुसरी कुणी नको," हे तिचे बोबड्या वयापासूनचे वाक्य. सिस्टरांना मूलबाळ नव्हते. तीन आठवड्यांतला तो एक दिवस त्या कोणाजवळ बोलून न दाखवता मोजीत असत.

त्या दिवशी सुई लावून झाल्यावर वकीलबाई म्हणाली, "तुमचं झालं ना? आता तिला पाठवा."

"कुणाला?"

"ती बसते ना माझ्याजवळ, तिला."

सिस्टरांनी चिकटपट्टी दाबून बसवली. बोलण्यातला बदल त्यांच्या कानाला लगेच टोचला होता. आपण 'तुम्ही' झालो होतो, आणि दुसरी कोणीतरी 'ती' झाली होती.

२

नवी सिस्टर येऊन तीन महिने झाले होते. हाताला हलकी, बोलायला मऊ. शीर तिला पहिल्याच टोचणीत सापडे. तिच्या कामात खोट काढायला जागा नव्हती, आणि थोरल्या सिस्टरांना तीच तिची मोठी खोट वाटे.

दालन पुसणारी मावशी फटकळ होती. सिस्टरांपुढचा गार झालेला चहा पाहून तिने विचारले, "काय सिस्टर, चहाची कुल्फी करून पिणार का? कुणी तोंडचा घास काढला?"

"मावशी, चौथ्या खाटेशी कोण बसतं हो?"

"बसायला इथं सवड कुणाला? मी बसले तर तुम्हीच माझी हजेरी घ्याल."

"नवी बसते का?"

"बसत असेल. मी स्टूल रोज कोपऱ्यात नेऊन ठेवते, नि ती पोर आली की दुपारी बघावं तर ते खाटेशी. आता त्याला चार पाय आहेत खरे, पण माझ्या देखत तरी ते कधी चाललं नाही." मावशी हसली आणि बादली उचलून निघून गेली.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी दुपारपर्यंत पाळत ठेवली. नवी सिस्टर खाटेशी उभी राही, तक्ता पाही, मुलीच्या गालावर टिचकी मारून पुढच्या खाटेकडे वळे. बसताना ती एकदाही दिसली नाही. म्हणजे माझी पाठ वळली की बसते, असा निष्कर्ष सिस्टरांनी काढला. मत्सर कधी आपल्या नावाने दार ठोठावीत नाही. तो शिस्तीच्या नावाने येतो. मला राग नाही, मला फक्त कामात सरळपणा हवा, असे त्या मनाशी म्हणाल्या आणि ते त्यांना पटलेही.

३

तीन आठवड्यांनी वकीलबाई पुन्हा आली, तेव्हा नवी सिस्टर दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली होती. थोरल्या सिस्टरांनी ते वेळापत्रकात आधीच पाहून ठेवले होते. त्या सकाळी त्यांच्या चालण्यात उत्साह होता. शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला बोलावून त्यांनी बॅग तपासली, रक्त सुरू केले, मुलीच्या केसांवरून हात फिरवला आणि टेबलाशी गेल्या.

वीस मिनिटांनी त्या पंधराव्या मिनिटाची नोंद करायला आल्या. नोंद झालेली होती.

ताप, नाडी, रक्तदाब, श्वास. चारही आकडे रकान्यात नीट बसवलेले. पाचाचे डोके सुटे ठेवण्याची लकब त्यांची स्वतःची. ती तिथे होती. शाई त्यांच्याच पेनाची. आपणच लिहिले असेल, त्यांनी विचार केला. एकोणीस वर्षांत हात आपोआप चालतो. मनाला न विचारता कितीतरी गोष्टी होऊन जातात. तरी त्यांनी रक्तदाबाचा पट्टा बांधून पुन्हा मोजले. आकडे तंतोतंत जुळले. टेबलाशी बसून कोणाला रक्तदाब कळत नाही, एवढेच त्यांच्या तर्काला ओलांडता येईना.

"वकीलबाई, आत्ता इथे कोण बसलं होतं?"

"ती."

"ती आज आलेलीच नाही. प्रशिक्षणाला गेलीय."

"मी नव्या सिस्टरबद्दल कुठे बोलतेय? तुम्ही प्रश्न नीट विचारत जा."

तिसऱ्या खाटेवर निवृत्त मास्तर पडले होते. ते मध्येच म्हणाले, "सिस्टर, तुमची बहीण पण इथेच लागली का?"

"मला बहीण नाही, मास्तर."

"असं? मग माझी चूक. चष्मा काढून ठेवला होता, चेहरा काही दिसला नाही. पण आवाज हुबेहूब तुमचा. फक्त त्यात घाई नव्हती." त्यांनी पांघरूण वर ओढून घेतले. "आणि हात ऊबदार. राग मानू नका, पण तुमचा हात अलीकडे फार गार लागतो."

सिस्टर बेसिनपाशी गेल्या आणि हात गरम पाण्याखाली धरून उभ्या राहिल्या. या वेळी भीती वाटायला हवी होती. त्यांना जे वाटले ते भीतीहून जुने आणि ओळखीचे होते. ही कोण, जी माझ्या मुलीजवळ माझ्या आवाजात बसते?

४

पुढच्या खेपेला त्यांनी ठरवून स्टूल ओढले आणि खाटेच्या उजव्या अंगाला बसल्या. वकीलबाईने पुस्तक मिटले. तिची नजर सिस्टरांच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. तुम्ही किती वेळ बसणार?"

"पंधरा मिनिटं. नियमच आहे."

"मग ती तोवर उभी राहणार?"

सिस्टरांनी मान वळवली. मागे सलाइनचा स्टँड, धुरकट काचेची खिडकी, भिंतीवरचे घड्याळ. आपला आवाज सहज ठेवीत त्या म्हणाल्या, "तिला म्हणावं, पलीकडे जागा आहे, तिथे बस."

मुलीने कान दिल्यासारखी मान कलती केली. मग म्हणाली, "ती म्हणते, राहू दे, त्या उठतीलच."

सहाव्या मिनिटाला टेबलावरचा फोन वाजला. तो मावशीनेही उचलला असता. सिस्टर उठल्या. रक्तपेढीचा काही किरकोळ निरोप होता. परत आल्या तेव्हा खाटेचा पडदा अर्धा ओढलेला होता आणि आत वकीलबाई कशावर तरी खळखळून हसत होती. तिचे हे हसणे सिस्टरांना पाठ होते. तीन वर्षांची असताना ती त्यांच्या टोपीला हसली होती, तेच हे हसणे. पडदा सारला तर मुलगी एकटीच होती. सिस्टर स्टुलावर बसल्या आणि लगेच उठल्या. बैठक ऊबदार होती, जशी कोणी बराच वेळ बसून नुकतेच उठल्यावर असते.

त्याच दुपारी दालनाचे डॉक्टर त्यांना म्हणाले, "सिस्टर, पुढच्या महिन्यापासून वकीलबाईचं सगळं नव्या सिस्टरकडे देऊ या. तुमचाही भार हलका होईल."

"तिनं मागितलं का?"

"मागितलं नाही हो. पोरीच्या आईचं म्हणणं पडलं. पोरगी घरी सारखं म्हणते म्हणे, सिस्टर माझ्याजवळ बसते. आम्हाला वाटलं, नवीच असणार. दुसरी कोण बसते इथे?"

त्यांच्या म्हणण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते लागले.

जी दिसत नाही तिचा द्वेष करणे माणसाला जड जाते. जी समोर वावरते तिचा करणे सोपे. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटापाशी उभ्या राहून सिस्टरांनी एकोणीस वर्षांत प्रथमच दुसऱ्याविषयी प्रार्थना केली. शब्द त्यांनी मनातही पूर्ण उच्चारले नाहीत. 'देवा, तिची एकदा तरी चूक होऊ दे,' असा त्याचा अर्थ होता. देव असल्या प्रार्थना पुऱ्या करीत नाही. पण त्या करणाऱ्याला तो अडवीतही नाही.

५

वकीलबाईची पुढची खेप आली. सकाळी दहाच्या सुमारास एकाच पेटीतून दोन बॅगा आल्या, एक मास्तरांची आणि एक वकीलबाईची. प्रत्येक बॅगेच्या गळ्याला रोग्याची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली होती. नव्या सिस्टरने मुलीच्या नावाची चिठ्ठी असलेली बॅग उचलली आणि चौथ्या खाटेशी आणली. आई बाहेर औषधांच्या रांगेत उभी होती.

"बाई, वाचू?"

"वाच."

नव्या सिस्टरने चिठ्ठीवरून नंबर वाचला, गट वाचला, मनगटावरची पट्टी पाहिली, फॉर्म पाहिला. सगळे जुळत होते. गेली कित्येक वर्षे थोरल्या सिस्टर या ठिकाणी फॉर्मवरून नजर न उचलता "बरोबर" म्हणत आल्या होत्या. आज त्यांनी नजर उचलली. मुलीची काळजी म्हणून नव्हे. समोरच्या बाईच्या हातात कुठे खोट सापडते का, हे पाहायला.

सापडली. चिठ्ठी वकीलबाईची होती. पण बॅगेवर चिकटवलेला नंबर निराळा होता आणि गट निराळा होता. पेढीत चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. हे रक्त मास्तरांचे होते. नव्या सिस्टरने चिठ्ठी वाचली आणि बॅग वाचलीच नव्हती. कर्तव्याने इतकी वर्षे जे वाचले नाही, ते मत्सराने एका दृष्टीत वाचले.

"बरोबर?" नव्या सिस्टरने विचारले.

इथे एकच शब्द पुरेसा होता. थोरल्या सिस्टरांनी तो उच्चारला नाही. त्यांच्या मनात एक हिशेब सरळ, शांतपणे मांडला जात होता. बॅग टांगू दे. नळीचे चाक फिरवू दे. नळीत अजून सलाइन आहे. रक्त सुईपर्यंत यायला वेळ लागतो. ते निम्म्यावर आले की मी थांबवीन. सगळ्यांसमोर. मग डॉक्टर पाहतील, आई पाहील, आणि ही पोरगी पुन्हा म्हणेल, तूच टोच. आणि चार थेंब गेलेच, तर चार थेंबांनी काही होत नाही.

चार थेंबांचा भरवसा कोणी देऊ शकत नाही, हे त्या स्वतः नव्या मुलींना शिकवीत असत.

त्यांनी पेन उघडले आणि दुसऱ्या रकान्यात सही केली.

नव्या सिस्टरने बॅग टांगली, नळी जोडली, अंगठा चाकावर ठेवला. वकीलबाईने उशीवरून मान उचलली. ती बॅगेकडे पाहत नव्हती. थोरल्या सिस्टरांच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"सिस्टर, मला कसंतरी होतंय."

"अगं, अजून सुरूही नाही केलं," नवी सिस्टर हसली.

चाक हलले. नळीच्या वरच्या टोकाला लाल रंग दिसला आणि खाली सरकू लागला. थोरल्या सिस्टरांचे ओठ मिटलेले होते. दात एकमेकांवर बसलेले त्यांना स्पष्ट जाणवत होते. आता म्हणू, त्यांना वाटले. जरा आणखी खाली येऊ दे.

"थांब. नळी बंद कर. बॅगेवरचा नंबर वाच."

आवाज त्यांचा होता. शब्द त्यांचेच, एकोणीस वर्षे शिकवलेले. तो खाटेच्या पलीकडून आला. त्यात घाई नव्हती.

नव्या सिस्टरने चाक गच्च आवळले. नळीतला लाल रंग सुईपासून वीतभर अंतरावर थांबला. तिने बॅग उलटून नंबर वाचला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला.

६

त्यानंतर सगळे नियमाप्रमाणे झाले. नळी काढली, बॅग परत गेली, मास्तरांची टांगायची राहिलेली बॅगही परत गेली. डॉक्टर धावत आले. मुलीला तपासून झाल्यावर त्यांनी फॉर्म हातात घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"सिस्टर, सही आधी आणि थांबवणं नंतर?"

थोरल्या सिस्टरांनी उत्तर शोधण्यापूर्वीच नवी सिस्टर बोलली. "साहेब, माझ्यावर भरवसा ठेवून त्यांनी सही केली. नंतर त्यांनाच शंका आली. बाई नसत्या तर आज माझ्या हातून पोर गेली असती."

"खरं का, सिस्टर?"

दालनात सगळे त्यांच्याकडे पाहत होते. मास्तर, मावशी, दारात औषधांची पिशवी छातीशी धरून उभी असलेली आई. इतके दिवस जे हवे होते ते सारे त्या नजरांत होते.

"हो," त्या म्हणाल्या.

आईने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. हात गार लागले असावेत. तिने ते चोळून ऊब दिली. "तुम्हीच असा हो तिच्याजवळ. आता दुसरी कुणी नको," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, चौथी खाट थोरल्या सिस्टरांकडेच राहील. नवी सिस्टर आपल्या चुकीचा अहवाल लिहायला गेली. कोणी तिला काही बोलले नाही, कारण तिने काही लपवले नव्हते.

खाटेशी दोघीच राहिल्या तेव्हा वकीलबाई हळूच म्हणाली, "तुम्ही नाही बोललात."

"अगं, ऐकलं ना सगळ्यांनी."

"आवाज ऐकला. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते." मग ती, तिच्या स्वभावाला न शोभेल इतक्या शांतपणे, म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं. सही करायच्या आधीच."

सिस्टरांनी पांघरूण नीट केले. या साक्षीदाराची उलटतपासणी करता येण्यासारखी नव्हती.

७

योग्य बॅग यायला तास लागला. या वेळी दोघींनी बॅगेवरचा प्रत्येक आकडा स्वतंत्र वाचला. रक्त सुरू झाले. आई पाणी प्यायला गेली. थोरल्या सिस्टरांनी स्टूल ओढले आणि त्या खाटेच्या उजव्या अंगाला बसल्या. पंधरा मिनिटे, फोन वाजला तरी उठायचे नाही. त्यांची जागा त्यांना परत मिळाली होती, सर्वांच्या साक्षीने मिळाली होती.

त्यांनी मुलीचे उजवे मनगट हातात घेतले, घड्याळाच्या काट्याकडे पाहिले आणि मनात नाडी मोजू लागल्या. मनगट त्यांच्या हातात होते, पण ते नुसते ठेवलेले होते. बोटांनी बोटांना धरले नव्हते.

वकीलबाईचा डावा हात चादरीवर पलीकडच्या बाजूला लांब पसरलेला होता, तळवा वर. सिस्टरांची नजर तिथे गेली. मनगटाच्या आतल्या अंगाला, अंगठ्याच्या मुळाखाली, कातडीवर तीन उथळ खळगे पडले होते, ओळीने, जशी तीन बोटे टेकल्यावर पडतात. त्यांच्या कडांशी कातडी पांढुरकी झाली होती. त्या पाहत असतानाच मधला खळगा किंचित खोल झाला, नाडी नीट लागत नसली की बोट जरा दाबतात, तसा. मुलीची बोटे मिटली. ती कशावर मिटली ते दिसले नाही, पण ती पुरी मिटली नाहीत.

सिस्टरांनी नजर काट्यावर आणली. अठरा, एकोणीस. ओठ मिटलेले. आणि मग त्यांना आपला आवाज ऐकू आला, अगदी हलका, उशीच्या पलीकडून. वीस, एकवीस. तो त्यांच्या एक आकडा पुढे होता. त्यांनी वेगाने मोजून तो गाठायचा प्रयत्न केला. पण नाडी कोणाच्या घाईने चालत नाही, आणि तो आवाज नाडीबरोबर चालला होता.

"माझी आहे ती," त्या पुटपुटल्या. कोणाला, ते त्यांनाही सांगता आले नसते.

वकीलबाईने डोळे मिटले आणि कूस पलीकडे वळवली. उजवे मनगट सिस्टरांच्या बोटांतून आपसूक सुटले.

थोरल्या सिस्टर मोजायच्या थांबल्या. मोजणे थांबले नाही.